टाकीतले रॉकेल संपते तेव्हा
थंड मुलखातल्या घराचा बॉयलर पुन्हा सुरू करताना काय करावे, काय टाळावे

रॉकेल म्हटले की आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना रेशनचे दुकान आठवते. निळसर रंगाचे तेल, हातातला डबा, लांबलचक रांग आणि घरी आल्यावर स्टोव्हच्या वातीचा तो वास. पुढे गॅस आला आणि रॉकेल आपल्या स्वयंपाकघरातून निघून गेले. पण ज्यांची मुले-मुली, सुना-जावई आज ब्रिटनच्या खेड्यांत, उत्तर आयर्लंडमध्ये किंवा आयर्लंडच्या लहान गावांत राहतात, त्यांच्या घरामागे आजही रॉकेलची टाकी उभी असते. त्यावर चूल पेटत नाही. त्यावर सगळे घर गरम राहते.

कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबे काही दशकांपासून ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. त्यातली बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि तिथे घरोघरी नळाने गॅस येतो. त्यामुळे तेलाच्या बॉयलरशी त्यांचा संबंध आला नाही. अलीकडे मात्र डॉक्टर, नर्स, वृद्धाश्रमात सेवा करणारे कर्मचारी म्हणून आपली तरुण मंडळी थेट लहान गावांत जाऊ लागली आहेत. तिथे गॅसची वाहिनी पोहोचलेली नसते. उत्तर आयर्लंडमध्ये तर निम्म्याहून अधिक घरे तेलावर गरम होतात. नव्याने गेलेल्या जोडप्याला विजेचे बिल, पाण्याचे बिल ठाऊक असते, पण घरामागची टाकी आपणच भरायची असते, हे पुष्कळदा कोणी सांगतच नाही. मग डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे रेडिएटर गार पडतात. घरात तान्हे बाळ असते, किंवा मुलाकडे चार महिने राहायला गेलेले अम्मी-अब्बा असतात.

हा लेख त्या घरांसाठी आहे. इथे बसून फोनवर काळजी करणाऱ्या आई-वडिलांसाठीही आहे. तिकडे काय चालले आहे हे समजले की काळजीला थोडी दिशा मिळते.

हे यंत्र चालते कसे?

घराबाहेर प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची टाकी असते, साधारण हजार ते अडीच हजार लिटरची. तिच्यातून एक बारीक तांब्याची नळी बॉयलरपर्यंत जाते. वाटेत एक गाळणी असते. बॉयलरच्या तोंडाशी बर्नर असतो. त्यात एक छोटी मोटर, हवा फुंकणारा पंखा, तेलाचा पंप आणि अगदी बारीक भोकाचा नॉझल एवढ्या गोष्टी असतात. पंप तेलाला दाब देतो, नॉझल त्याचे धुके करतो, विजेची ठिणगी ते धुके पेटवते. त्या ज्वालेने पाणी तापते आणि घरभरच्या रेडिएटरमधून फिरते.

ज्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. तिथेही आपण हवा मारून दाब द्यायचो, भोकात कचरा अडकला की पिन मारायचो. फरक इतकाच, की इथे ज्वालेवर नजर ठेवायला एक विजेचा डोळा बसवलेला असतो. ठरावीक सेकंदांत ज्वाला दिसली नाही, तर तो सारे यंत्र बंद करतो आणि लाल दिवा लावतो. तंत्रज्ञ त्याला लॉकआउट म्हणतात. लाल दिवा दिसला म्हणजे बॉयलर बिघडलाच असे नाही. पेटवायचा प्रयत्न केला, आग दिसली नाही, म्हणून तेल बंद केले, असे यंत्र सांगत असते.

तेल संपल्यावर आत काय होते?

तेल संपण्याचे नुकसान तीन प्रकारचे असते.

पहिले म्हणजे नळीत हवा शिरते. टाकी पुन्हा भरली तरी ती हवा नळीत आणि पंपात अडकून राहते. पंपाला तेलाऐवजी बुडबुडे मिळतात, दाब तयार होत नाही आणि ज्वाला पेटत नाही. म्हणूनच टाकी भरलेली असूनही बॉयलर चालू होईना, अशी तक्रार येते.

दुसरे म्हणजे गाळ. पाणी रॉकेलपेक्षा जड असते, त्यामुळे टाकीत शिरलेला ओलावा तळाशी साचतो. गंज आणि काळा चिखलही तिथेच बसतो. तेल तळापर्यंत खाली गेले की हा मळ नळीकडे ओढला जातो, गाळणी चोंदते आणि नॉझलचे भोक बुजते.

तिसरे नुकसान पंपाचे. या पंपाला वंगण वेगळे लागत नाही, त्यातून वाहणारे तेलच त्याचे वंगण असते. कोरडा पंप फिरत राहिला तर झिजतो. म्हणून टाकी रिकामी झाल्याचे कळताच बॉयलरचा भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करावा. थर्मोस्टॅट कमी करून ठेवणे पुरेसे नाही.

तेल येईपर्यंतचे दिवस

थंडीच्या मोसमात तेलाचा टँकर मागवला आणि त्याच दिवशी आला, असे क्वचितच होते. तीन-चार दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. नाताळच्या सुटीत तर विचारायलाच नको. हे दिवस कसे काढायचे?

आधी एक दिलासा. बॉयलर बंद आहे, वीज नाही. सगळे घर गरम करण्याचा नाद सोडून एकच खोली गरम ठेवावी. शक्यतो दक्षिणेकडच्या खिडकीची, लहान आणि दार नीट बंद होणारी खोली निवडावी. विजेचा हीटर तिथे लावावा, दाराच्या फटीशी चादरीची गुंडाळी ठेवावी, संध्याकाळी पडदे लवकर ओढावेत. डिसेंबरात बेलफास्टला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उन्हाचा आधार थोडाच असतो. हीटरची वायर एक्स्टेन्शन बोर्डात न लावता भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावी आणि त्यावर कपडे वाळत घालू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंड प्रदेशात घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे. तान्ही बाळे, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना याहून थोडी जास्त ऊब लागते.

गरम पाण्यासाठी घरातले कपाट उघडून बघावे. पुष्कळ घरांत तांब्याची किंवा स्टीलची उभी टाकी असते आणि तिच्यात विजेचा इमर्शन हीटर बसवलेला असतो. त्याचा स्विच शेजारीच असतो, पण वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नसतो. तो चालू केला की तासा-दीड तासात अंघोळीपुरते पाणी मिळते. ही सोय नसेल तर केटल आहेच.

थंड पाण्याने वुजू करणे हा या दिवसांतला मोठा प्रश्न. फजरच्या वेळी नळाचे पाणी बर्फासारखे असते. कडाक्याच्या थंडीत हजरत अमर बिन आस (रजि.) यांनी तयम्मुम करून नमाज पढवल्याचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे, आणि दीन माणसाला अडचणीत टाकत नाही हे त्यातून आपण शिकतो. पण तिथे जिवाला धोका होता. आपल्या घरात वीज आहे, केटल आहे, तेव्हा पाणी कोमट करून वुजू करणे हाच सरळ मार्ग. एका तांब्यात वुजू होतो, पाणीही वाया जात नाही. चामड्याचे मोजे असतील तर घरी राहणाऱ्याला एक दिवस-रात्र मसह करता येतो. आजारी माणसाबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. कोकणातले बहुतेक लोक शाफई मसलकाचे आहेत आणि थंडीमुळे केलेल्या तयम्मुमचे तपशील मसलकांनुसार वेगळे आहेत.

आता एक कळकळीचा इशारा. घर गार आहे म्हणून कोळशाची शेगडी, बार्बेक्यूचा ट्रे किंवा कॅम्पिंगचा गॅस घरात पेटवू नये. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने कुटुंबच्या कुटुंबे झोपेत गेल्याच्या बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, सगळ्यांना एकदम सुस्ती येणे ही त्याची लक्षणे. अशी शंका आली तर दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि ९९९ ला फोन करावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ज्या घरात बॉयलर आहे तिथे असलाच पाहिजे.

बाहेर पाणी गोठत असेल आणि घर रिकामे ठेवून दुसरीकडे जाणार असाल, तर पाण्याचा मुख्य कॉक बंद करून जावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ फाटतो. तो फाटलेला नळ बर्फ वितळल्यावर घरभर पाणी करतो.

आणि अम्मी-अब्बांविषयी एक शब्द. इथून गेलेली वडीलधारी माणसे सहसा थंडी वाजते असे म्हणत नाहीत. मुलाचा खर्च वाढेल, सुनेला बरे वाटणार नाही, म्हणून दोन शाली घेऊन गप्प बसतात. वृद्ध शरीराला गारठा कळायलाही उशीर लागतो. त्यांना विचारण्यापेक्षा त्यांचे हात-पाय हातात घेऊन पाहावेत.

डब्यातले तेल

टँकर येईपर्यंत काही लिटर तेल विकत आणून बॉयलर चालवता येतो. उत्तर आयर्लंडमध्ये अनेक पेट्रोल पंपांवर २० लिटरचे डबे मिळतात. पण हिशेब समजून घ्यावा. एक लिटर रॉकेलमधून साधारण १० युनिट उष्णता मिळते. २० किलोवॅटचा बॉयलर सलग पेटत राहिला तर तासाला सुमारे २ लिटर तेल पितो. रोज पाच तास म्हटले तरी २० लिटरचा डबा दोन दिवसांचा सोबती.

दुसरी गोष्ट टाकीच्या आकाराची. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद टाकीत २० लिटर तेल ओतले तर पातळी फक्त २ सेंटीमीटर वाढते. नळी तळापासून थोडी वर बसवलेली असते. एका डब्याने तेल नळीपर्यंत नीट पोहोचेलच असे नाही. आणायचेच तर दोन-तीन डबे एकदम आणावेत.

तेल कोणते, हे बॉयलरच्या पुस्तिकेत किंवा पाटीवर पाहावे. ब्रिटन-आयर्लंडमधल्या घरगुती बॉयलरांना बहुधा रॉकेलच लागते, तिथे त्याला केरोसीन किंवा २८ सेकंड ऑइल म्हणतात. त्यात गाडीचे डिझेल घालू नये. नॉझल आणि दाब रॉकेलच्या हिशेबाने लावलेले असतात. पेट्रोल तर कोणत्याही परिस्थितीत नाही, त्यातून स्फोट होतो. डबा ओतताना पाऊस नसावा, नरसाळे स्वच्छ असावे, जवळपास सिगारेट नसावी. सांडलेले तेल पाण्याने गटारात लोटू नये. त्यावर वाळू टाकून ते टिपून घ्यावे.

टाकी भरली, आता क्रमाने

टँकर येऊन गेला की लगेच बटण दाबायची घाई होते. इथे सबर कामी येते.

१. टाकी भरताना बॉयलरचा मुख्य स्विच बंदच असावा. भरल्यानंतर तास-दोन तास थांबावे. तेलाच्या धारेने ढवळलेला गाळ त्या वेळात पुन्हा तळाशी बसतो.

२. टाकीजवळचा व्हॉल्व्ह पाहावा. दांडी नळीच्या दिशेत असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. टाकी रिकामी असताना कोणीतरी बंद केला आणि मग विसरला, असे फार होते.

३. घड्याळ आणि थर्मोस्टॅट पाहावे. घराला ऊब हवी आहे असा निरोप बॉयलरला मिळालाच नाही तर तो पेटणार कसा? थर्मोस्टॅट वर करून घड्याळ 'सतत चालू'वर ठेवावे.

४. मुख्य स्विच चालू करावा. लाल दिवा असेल तर रीसेटचे बटण एकदा दाबून सोडावे. आधी पंख्याचा आवाज येतो. दहा-पंधरा सेकंद नुसता पंखा फिरतो, मग ठिणगी आणि मग ज्वालेचा भरीव आवाज. हा क्रम कान देऊन ऐकावा. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाला फोन करावा लागला तर हेच सांगायचे असते.

५. पुन्हा लाल दिवा लागला तर दोन-तीन मिनिटे थांबून दुसऱ्यांदा रीसेट करावे. तेवढ्यात पंपाने थोडी हवा ढकललेली असते आणि काही घरांत बॉयलर इथेच पेटतो.

६. दोनदा करूनही पेटला नाही तर थांबावे. हा नियम मोडू नये. प्रत्येक रीसेटला थोडे तेल न जळता आतल्या भट्टीत साचू शकते. दहा वेळा बटण दाबल्यावर अकराव्यांदा ठिणगी पडली तर साचलेले सगळे तेल एकदम भडकते, बॉयलरचे झाकण उडते, खोलीभर काजळी पसरते आणि माणूस भाजूही शकतो. गारठलेल्या घरात, रडणाऱ्या बाळाच्या आवाजात, बटण पुन्हापुन्हा दाबण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

हवा काढणे

दोन रीसेटनंतर बॉयलर पेटला नाही तर बहुधा हवा अडकलेली असते. ती काढण्याची रीत घराच्या रचनेवर अवलंबून आहे.

टाकी बॉयलरपेक्षा उंच असेल आणि एकच नळी असेल, तर तेल आपल्या वजनाने खाली येते. इथे पंपावरच्या स्क्रूतून हवा काढावी लागते. टाकी खालच्या पातळीवर असेल, तर तेल वर ओढायला दोन नळ्या असतात किंवा बॉयलरबाहेर पारदर्शक टोपीचे हवा वेगळे करणारे उपकरण बसवलेले असते. तिथे हवा आपोआप परत जाते, फक्त वेळ लागतो.

तंत्रज्ञ काय करतो ते समजावे म्हणून सांगतो. तो वीज बंद करतो, बर्नरचे झाकण काढतो, पंपाखाली भांडे आणि फडके ठेवतो. पंपावर हवा काढण्याचा स्क्रू असतो, अनेक पंपांना त्यासाठी ४ मिलिमीटरची ॲलन की लागते. स्क्रू एखादा फेरा सैल करून तो बर्नर सुरू करतो. आधी फेसाळ तेल येते, मग बुडबुडे कमी होतात आणि शेवटी अखंड धार लागते. तेव्हा तो स्क्रू घट्ट करतो, सांडलेले तेल पुसतो आणि थोडे थांबून रीसेट करतो. पुष्कळदा दोन-तीनदा असे करावे लागते.

काम अवघड नाही, खेड्यांतले लोक हे स्वतः करतात. पण आपले स्वतःचे घर असेल, बॉयलरची पुस्तिका हाती असेल, आणि जाणकाराने एकदा समोर करून दाखवले असेल, तरच हात घालावा. कोणता स्क्रू हवेचा आणि कोणता दाबाचा हे ओळखता आले नाही, तर दाबाचा स्क्रू फिरवून बसाल आणि बॉयलर धुरकट जळू लागेल. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ऑफटेक या संस्थेकडे नोंदणी असलेले तेल-बॉयलरचे तंत्रज्ञ असतात. नोंदणी विचारून माणूस बोलवावा. त्याच फेरीत गाळणी आणि नॉझल बदलून घ्यावेत. टाकी तळापर्यंत गेली होती हे त्याला आवर्जून सांगावे.

बॉयलर पेटल्यावरही लगेच पाठ फिरवू नये. पंधरा-वीस मिनिटे जवळ राहावे. रॉकेलचा उग्र वास, काळा धूर, धडधड असा आवाज किंवा कुठे थेंब गळताना दिसला तर स्विच बंद, टाकीचा व्हॉल्व्ह बंद आणि तंत्रज्ञाला फोन.

तेल आहे, हवाही काढली, तरी बाहेर बर्फ असताना बॉयलर बंद पडतो, याचे एक निराळे कारण असू शकते. नव्या प्रकारच्या बॉयलरमधून एक प्लॅस्टिकची बारीक नळी थेंबथेंब पाणी बाहेर सोडते. ती गोठली की बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. त्या नळीवर कोमट पाणी ओतले की काम होते. उकळते पाणी ओतू नये, नळी तडकते.

अमेरिकेतली गोष्ट थोडी वेगळी

अमेरिकेच्या ईशान्य भागातही लाखो घरे तेलावर गरम होतात, सर्वांत जास्त प्रमाण मेन राज्यात आहे. तिथली टाकी सहसा तळघरात, २७५ गॅलन म्हणजे सुमारे हजार लिटरची असते. तेल रॉकेलपेक्षा जाड, डिझेलच्या जातीचे असते. त्यामुळे अडीअडचणीला पंपावरून पाच-दहा गॅलन डिझेल आणून टाकीत घालण्याची तिथे पद्धत आहे. ही सवय ऐकून ब्रिटनमधल्या भावाने तसे करू नये. दोन्हीकडचे बॉयलर वेगळे. रीसेटचा नियम मात्र दोन्हीकडे तोच: एकदा, फार तर दोनदा, मग थांबा.

भाड्याचे घर असेल तर

नव्याने गेलेली बहुतेक कुटुंबे भाड्याने राहतात. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानुसार घर गरम करण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तेल भरणे हे सहसा भाडेकरूचे काम. यंत्र बिघडले की तेल संपले, यावरून वाद होतात. म्हणून घर ताब्यात घेताना टाकीची पातळी मोजून तारखेसह फोटो काढावा, सोडताना किती तेल ठेवायचे हे करारात लिहून घ्यावे. भाड्याच्या घरात पंपाच्या स्क्रूला हात लावू नये. मालकाला किंवा त्याच्या एजंटला लेखी कळवावे आणि घरात तान्हे बाळ किंवा आजारी माणूस आहे हे त्यात स्पष्ट लिहावे. घर सोडताना ठरलेले तेल टाकीत ठेवून जाणे ही आपली अमानतदारी. आपल्यानंतर येणाऱ्या कुटुंबाची पहिली रात्र त्यावर अवलंबून असते.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

टाकीचे मोजमाप हे दर जुम्याचे काम ठरवून टाकावे. नमाजला निघण्यापूर्वी दोन मिनिटे पुरतात. टाकीच्या बाजूला उभी पारदर्शक नळी असते, तिच्या खालचा कॉक उघडून पातळी पाहावी आणि कॉक पुन्हा बंद करावा. कॉक न उघडता पाहिले तर नळीत जुनीच पातळी दिसते आणि फसगत होते. विजेवर चालणारा मापक असेल तर त्याच्या बॅटरीवर विसंबू नये, महिन्यातून एकदा काठी घालून पाहावी. पाव टाकी उरली की तेल मागवावे.

वरच्याच हिशेबाने रोज १० लिटर लागत असतील तर ५०० लिटर तेल ५० दिवस पुरते. टँकरवाले बहुधा ५०० लिटरपेक्षा कमी आणत नाहीत, उत्तर आयर्लंडमध्ये ३०० लिटरही मिळते. म्हणजे एका वेळी मोठी रक्कम हाताशी लागते आणि खरी अडचण तिथेच असते. ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेच्या दराला सरकारी मर्यादा आहे, तेलाच्या दराला नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तेलाचे भाव असे उसळले, की तेलावर घर गरम करणाऱ्या कुटुंबांना सरकारला २०० पौंडांची वेगळी मदत द्यावी लागली.

यावर तिथल्या लोकांनी काढलेले उपाय आपल्याला ओळखीचे वाटतील. इंग्लंडच्या खेड्यांत शेजारी मिळून तेल खरेदीचा क्लब चालवतात. पंधरा-वीस घरांची मागणी एकत्र दिली की भाव कमी मिळतो. उत्तर आयर्लंडच्या अनेक नगर परिषदांनी तेलाची तिकिटे काढली आहेत. दुकानातून पाच-पाच पौंडांचे तिकीट घ्यायचे, कार्डावर चिकटवायचे, कार्ड भरले की त्या रकमेचे तेल. आपल्या भिशीची ही चुलत बहीणच. उन्हाळ्यात भाव बहुधा उतरलेले असतात, तेव्हाच टाकी भरून घेणे शहाणपणाचे.

काही पुरवठादार दर महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन तेल देतात. ही सोय चांगली आहे, पण सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: आमची रक्कम आधी जमा होऊन त्यातून तेल मिळते, की तेल उधार मिळून त्यावर व्याज लागते? आगाऊ बचतीत अडचण नाही. व्याजाचा करार असेल तर त्यापासून दूर राहण्याचे मार्ग वर सांगितले आहेतच.

रमजानचाही विचार हवा. रमजान आता हिवाळ्यात सरकत आहे. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा सुरू होईल. सहरीच्या वेळी घर उबदार हवे, तरावीहहून परतल्यावर पाणी गरम हवे. शाबानमध्ये घराची साफसफाई करतो तेव्हाच टाकी पाहून घ्यावी.

शेजाऱ्याचे दार

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही पुस्तिकेत नसते. परदेशात गेलेली आपली तरुण जोडपी संकोचाने शेजाऱ्याकडे जात नाहीत. भाषा, पेहराव, गैरसमजाची भीती, कारणे पुष्कळ. पण ज्या गावात घरोघरी तेलाची टाकी आहे, तिथे टाकी संपणे म्हणजे काय हे प्रत्येकाला माहीत असते. पंपातली हवा काढता येणारा एखादा म्हातारा शेजारी बहुतेक गल्ल्यांत असतो. कोणाकडे डबाभर तेल असते, कोणाकडे जादा हीटर. इस्लामने शेजाऱ्याच्या हक्कांवर किती भर दिला आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो हक्क दोन्ही बाजूंनी चालतो. आपण मागितले तर उद्या त्यालाही आपल्याकडे मागायला संकोच वाटत नाही. तेल भरून आले की त्याचा डबा भरून परत करावा आणि सोबत बिर्याणीचे ताटही पाठवावे.

आणि इथल्या अम्मी-अब्बांना सांगणे, की यंदा फोनवर मुलांना 'जेवलात का?' विचारून झाले, की एक प्रश्न आणखी विचारा: 'बेटा, टाकीत तेल किती आहे?' उत्तर आकड्यात मागा. 'आहे, आहे' असे म्हणाला, तर उठून टाकी बघून यायला सांगा. तो परत येईपर्यंत फोन धरून ठेवायला हरकत नाही.